गोळी दाबायची मजुरी मुंबईनं द्यावी

पाऊस सुरू झाला की वर्तमानपत्रात एक छोटी चौकट रोज येऊ लागते. अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी. प्रत्येकासमोर टक्का. सातही काठोकाठ भरले की साठा होतो १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर, आणि त्यातला जवळजवळ निम्मा एकट्या भातसाचा. आमच्या भांडुपच्या सोसायटीत एक काका ही चौकट रोज सकाळी ग्रुपवर टाकतात. 'तानसा ओसंडला' म्हटलं की खाली वीस अंगठे. त्या चौकटीत पाण्याच्या रंगाला मात्र रकाना नाही. पाणी किती आलं हे मुंबईला तोंडपाठ असतं, पाण्यासोबत काय आलं याची चौकशी कुणी करत नाही. मला त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल लिहायचंय, म्हणजे शेतातून पाण्यात येणाऱ्या खताबद्दल, आणि ते जागीच थांबवणाऱ्या खताच्या गोळीबद्दल. आणि पैशाबद्दल, कारण गाडी शेवटी तिथेच येऊन थांबते.

दोन वर्षांपूर्वी जुलैत मामाकडे आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला गेलो होतो. मामाचं शेत शहापूर तालुक्यात, भातसा नदीला मिळणाऱ्या एका ओहोळाच्या काठावर. चिखलणी झालेली, बायका रोपांच्या मुठी घेऊन वाट बघत उभ्या, आणि मामा घमेल्यातून डीएपी खत फेकत खाचरातून चाललेला. राखाडी दाणे चिखलावर पडत होते, काही लगेच बुडत होते, काही वरच राहत होते. दुपारी आभाळ फाटलं. तासाभरात खाचर तुडुंब. कोवळी चूड (लावलेला रोपांचा झुबका) बुडू नये म्हणून मामानं कुदळीनं बांध फोडला आणि दुधाच्या चहाच्या रंगाचं पाणी धो धो करत ओहोळात गेलं. मामा बांधावर उभा राहून ते बघत होता. "दीड गोणी," तो म्हणाला. पन्नास किलोची गोणी तेराशे पन्नासला. दोन हजार पंचवीस रुपयांतले किती वाहून गेले याचा हिशेब त्यानं केला नाही, मीही विचारला नाही.

त्या ओहोळाचं पाणी भातसा नदीत जातं. भातसा धरणाचं पाणी तानसा-वैतरणासारखं थेट बंद नळात शिरत नाही. धरणातून ते नदीत सोडतात, मग ते गावं, शेतं, वीटभट्ट्या, पूल ओलांडत पिसे बंधाऱ्यापर्यंत उघड्यावरून येतं, तिथे उपसतात आणि पांजरापूरला शुद्ध करून मुंबईकडे ढकलतात. म्हणजे मुंबईच्या सगळ्यात मोठ्या नळाचा बराचसा भाग नळ नाहीच, ती एक नदी आहे. मामानं फोडलेल्या बांधातून निघालेलं पाणी आणि माझ्या माठातलं पाणी यांत फार मोठा अडसर नाही.

आता खतानं पाण्यात नेमकं होतं काय, हे थोडं थांबून सांगतो, कारण 'रसायनं गेली, पाणी खराब झालं' एवढ्यावर आपण समाधान मानतो आणि तिथेच चुकतो. डीएपी हे विष नव्हे. ते अन्न आहे. भाताला जे हवं असतं तेच पाण्यातल्या शेवाळाला हवं असतं. गोड्या पाण्याच्या तलावात सूर्यप्रकाश भरपूर असतो, कर्बवायू हवेतून मिळतो, नत्रसुद्धा काही जातीची नील-हरित शेवाळं हवेतूनच ओढून घेतात. अडतं ते बहुतेक वेळा स्फुरदाशी, म्हणजे फॉस्फरसाशी. तलाव स्वच्छ दिसतो तो स्फुरदाच्या उपासमारीमुळे. १९७३ साली कॅनडात, ओंटारिओ प्रांतात, संशोधनासाठी राखून ठेवलेल्या एका तलावाच्या कमरेपाशी अरुंद जागी आडवा पडदा टाकला आणि त्याचे दोन भाग केले. दोन्हीकडे कर्ब आणि नत्र घातलं, स्फुरद मात्र एकाच बाजूला. काही आठवड्यांनी विमानातून फोटो काढला तर अर्धा तलाव काळाशार आणि अर्धा पिस्त्याच्या बर्फीसारखा. कपडे धुण्याच्या पावडरीत फॉस्फेट घालणाऱ्या कंपन्या तोवर 'दोष कर्बाचा आहे' म्हणत होत्या. त्या फोटोनंतर त्यांचा आवाज बराच खाली आला.

पन्नास किलो डीएपीच्या गोणीवर १८-४६ लिहिलेलं असतं, म्हणजे १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के फॉस्फेट. त्यातल्या ४६ टक्क्यांचा हिशेब मूळ फॉस्फरसात केला तर गोणीत तो साधारण दहा किलो भरतो. पाण्याचे अभ्यासक ढोबळ मानानं सांगतात की एक किलो फॉस्फरसावर पाचशे किलोपर्यंत ओलं शेवाळ पोसलं जाऊ शकतं. गोणीतलं सगळंच वाहून जात नाही, बरंचसं मातीला धरून राहतं. पण माती वाहते तेव्हा तेही मातीबरोबर निघतं, आणि तलावाच्या तळाशी जाऊन बसतं. तिथे ते गप्प पडून राहील अशी आशा ठेवायला हरकत नव्हती, पण उन्हाळ्यात खोल तलावाच्या तळातला प्राणवायू संपला की लोहाला चिकटलेलं स्फुरद सुटतं आणि पुन्हा पाण्यात येतं. वरून एक दाणाही आला नाही तरी तलाव स्वतःच्या शिदोरीवर अनेक वर्षं हिरवा होत राहतो. माझ्या पुढच्या सगळ्या म्हणण्याचं मूळ या एका गोष्टीत आहे.

(गंमत अशी की भातशेतीत हेच निळं-हिरवं शेवाळ जिवाणूखत म्हणून देतात. जाती वेगळ्या, पण कूळ तेच. खाचरात ते पाहुणा, धरणात दरोडेखोर.)

दरोडा कसा पडतो ते अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरानं ऑगस्ट २०१४ मध्ये बघितलं. ईरी सरोवराच्या काठचं शहर, पाणीही त्याच सरोवराचं. एका शनिवारी पहाटे सुमारे पाच लाख लोकांना सांगण्यात आलं की नळाचं पाणी पिऊ नका. आणि उकळूही नका. नील-हरित शेवाळातलं मायक्रोसिस्टिन हे यकृतावर हल्ला करणारं विष उकळल्यानं जात नाही, पाणी आटून उलट जास्त दाट होतं. आपल्याकडे पाण्याबद्दल शंका आली की आई पहिलं काय करते, पातेलं गॅसवर ठेवते. टोलेडोत तीन दिवस तो उपाय बाद होता. पाणी शुद्धीकरण केंद्रातही हे प्रकरण सोपं नसतं. शेवाळाच्या पेशी अख्ख्या असतील तर तुरटीनं त्या खाली बसवता येतात, पण आधीच क्लोरीन मारलं तर पेशी फुटतात आणि आतलं विष पाण्यात उतरतं. ज्या औषधावर आपला सगळ्यात जास्त विश्वास, तेच वेळ चुकली तर घात करतं.

ईरीची गोष्ट दोनदा घडली हे तिच्यातलं खरं शिकण्यासारखं. साठच्या दशकात हे सरोवर मेलं म्हणून लोकांनी हात टेकले होते. तेव्हा दोष मुख्यतः शहरांचा होता, सांडपाणी आणि धुण्याची पावडर. १९७२ साली अमेरिका आणि कॅनडानं करार केला, मैला शुद्धीकरणावर भरपूर पैसा ओतला आणि सरोवर सावरलं. मग नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून हिरवा थर परत आला. या वेळी तो आला मॉमी नदीतून, शेतांवरून. शहराच्या नाल्याला तोंड असतं, तिथे यंत्र बसवता येतं. शेताला तोंड नसतं. हजार बांध हजार ठिकाणी फुटतात. २०१९ पासून ओहायो राज्य शेतकऱ्यांना पैसे देतं: खत वर फेकू नका, जमिनीत खोल द्या, मोकळ्या रानात आच्छादनाचं पीक घ्या. पैसे देऊनही ईरी उन्हाळ्यात हिरवं होतंच आहे, कारण नदीतून येणारं स्फुरद अजून पुरेसं घटलेलं नाही, आणि शेतांच्या मातीत साठलेली शिदोरी संपायला वेळ लागतो. शहाणपण आलं, पण विष पाण्यात उतरल्यावर पाच वर्षांनी.

आता कुणी म्हणेल, मुंबईच्या तलावांचा आणि शेतीचा संबंध काय? खरं आहे. विहार आणि तुळशी राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात आहेत, तानसाभोवती अभयारण्य आहे. वैतरणेच्या वरच्या अंगाला इगतपुरी-त्र्यंबकचा डोंगराळ भाग, तिथे भात, उतारावर नाचणी-वरई. नाचणीला खत कोण घालतो? हे जंगल आणि ही गरीब शेती, यांच्या जिवावर मुंबई दीडशे वर्षं चांगलं पाणी पितेय. त्याची किंमत तिनं कधी मोजलेली नाही.

जंगल आणि गरीब शेती नसेल तर काय होतं हे बघायला लांब जायला नको. १८९१ साली बांधलेला पवई तलाव बघा. त्याच्या पाणलोटात भाताचं एक खाचर नाही, डीएपीची एक गोणी नाही. तरी तो जलपर्णीनं भरतो, काढली की पुन्हा भरतो, आणि पाणी पिण्याच्या कामाचं राहिलेलं नाही. वाढ पूर्ण झालेल्या माणसाच्या अंगात स्फुरद नव्यानं साठत जात नाही. मोठा माणूस जेवढं खातो जवळपास तेवढंच बाहेर टाकतो. नाशिकच्या कोबीला घातलेलं खत टेम्पोत बसून वाशीच्या मार्केटला येतं, तिथून आपल्या ताटात, तिथून नाल्यात, तिथून पवईत. तेव्हा पवईतही शेतातलंच खत आहे, फक्त ते ओहोळातून न येता आपल्या पोटातून आलंय. पालिकेनं तिथे काठानं सायकल ट्रॅक बांधायला घेतला होता, मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं तो बेकायदा ठरवला. सांडपाण्याचे नाले त्याआधीही वाहत होते आणि त्यानंतरही वाहिले. म्हणून शेतकऱ्याकडे बोट दाखवायचा हक्क मुंबईला कमीच आहे. 'जो घाण करेल तो भरेल' हे तत्त्व चांगलं आहे, पण ते आधी पवईला लावावं.

मग शहापूर-मोखाड्याला कोणतं तत्त्व लावायचं? माझं म्हणणं असं: तिथल्या शेतकऱ्याला पाणी स्वच्छ ठेवण्याची मजुरी मुंबईनं द्यावी. दंड नको, प्रबोधनाच्या सभा नकोत, 'खत कमी वापरा' असे फलक तर मुळीच नकोत. रोख मजुरी, कामाची. आणि आत्ता, पाणी चांगलं आहे तोवर.

कसली मजुरी ते सांगतो, कारण काम ठरलेलं आहे आणि ते आपल्याकडेच शोधलेलं आहे. भातासाठी 'चारसूत्री' नावाची लागवड पद्धत महाराष्ट्रात कित्येक वर्षांपासून माहीत आहे. त्यातलं चौथं सूत्र खताच्या गोळीचं. युरिया आणि डीएपी एकत्र दाबून केलेली २.७ ग्रॅमची गोळी, उशीच्या आकाराची, बोटाच्या पेरात मावेल एवढी. भात जोड ओळींत लावायचं आणि त्याच दिवशी दर चार चुडांच्या मधोमध एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल चिखलात दाबायची. झालं. वर कितीही पाणी चढलं, बांध फोडावा लागला, तरी गोळी खाली चिखलात बसून सावकाश विरघळते आणि मुळांनाच मिळते. खत कमी लागतं, भात जास्त येतो, पाण्याबरोबर जात नाही. ओहायोत ज्या 'खोल देण्या'साठी सरकार पैसे मोजतं ते इथे अंगठ्यानं करता येतं.

मग सगळे का करत नाहीत? मी गुणाकार केला तेव्हा कळलं. चार चुडांमागे, म्हणजे एका गोळीमागे, जागा साधारण चाळीस सेंटिमीटरच्या चौकोनाची. म्हणजे गुंठ्याला सव्वासहाशे गोळ्या आणि एकराला पंचवीस हजार. पंचवीस हजार वेळा वाकायचं, तेही आवणीच्या धांदलीत, जेव्हा मजूर मिळत नाही आणि पावसाचा भरवसा नसतो. फेकायला अर्धा तास, दाबायला दिवस. शिवाय गोळी तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात मागायला जावं तर दुकानदार युरियाची गोणी पुढे करतो. ती पंचेचाळीस किलोची, २६६ रुपये ५० पैशांना, सोबत नको असलेलं एखादं औषध गळ्यात मारून. याला शेतकरी 'लिंकिंग' म्हणतात. या व्यवस्थेत मामानं खत फेकलं तर त्यात मूर्खपणा काय? त्याच्या बाजूनं तो हिशेब बरोबर आहे. चुकतो तो मुंबईच्या बाजूनं. म्हणून दोन हिशेबांतला फरक मुंबईनं भरावा. एकरी पंचवीस हजार वेळा वाकण्याची मजुरी, आणि गोळी करायची यंत्रं गावातल्या बचत गटांना.

यावर तीन आक्षेप मी ऐकलेत. पालिकेनं हद्दीबाहेर पैसे का घालावेत, हा पहिला. पालिकेची धरणं, जलवाहिन्या, पंपिंग स्टेशनं हद्दीबाहेरच आहेत; मुंबईचं पाणी हीच हद्दीबाहेरची गोष्ट आहे. आता वाडा तालुक्यात गारगाई धरण करायचं चाललंय, मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रकल्प आहे, पहिल्या टप्प्यात दिवसाला २० कोटी लिटरचा. ज्या पालिकेचा २०२५-२६चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वर गेला तिला गोळी दाबायची मजुरी जड जाऊ नये.

दुसरा आक्षेप, आज तिथे खत वापरतातच किती? थोडंच. म्हणूनच काम आज स्वस्त आहे. पण समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला, तो शहापूर तालुक्यातूनच जातो. भात निघाल्यावर भेंडी आणि भाजीपाला होतोच, मोखाडा-विक्रमगडकडे मोगरा चांगला रुजलाय. शेतकऱ्याच्या हातात चार पैसे येतायत, याला कुणी शहाणा माणूस नाव ठेवणार नाही. मोगऱ्याला आणि भेंडीला खत लागतं. माझी काळजी मात्र मोगऱ्यापेक्षा 'बॅकवॉटर व्ह्यू'च्या पाट्यांची जास्त आहे. तिथे येतील ते बंगले, त्यांच्या हिरवळी, त्यांचे सेप्टिक टँक. हिरवळीला खत घालणारा माणूस दोन हजार पंचवीस रुपयांचा विचार करत नाही. त्याला मजुरी देऊ नये, त्याच्याकडून वसूल करावं. दोघांना एकाच तराजूत घालणं हाच खरा अन्याय होईल.

तिसरा आक्षेप, पैसे घेतील आणि खत फेकतीलच. काही जण करतीलही. पण न्यूयॉर्कनं हा डाव खेळून बघितलाय. नव्वदच्या दशकात त्या शहरापुढे दोन वाटा होत्या: कॅट्सकिल डोंगरातल्या पाण्यासाठी अब्जावधी डॉलरचं गाळणी केंद्र बांधायचं, नाहीतर पाणलोटच राखायचा. १९९७ साली शहरानं डोंगरातल्या गावांशी करार केला. शेतकऱ्यांच्या गोठ्यांचं शेण ओढ्यात जाऊ नये यासाठीचा खर्च शहरानं उचलला. भाग घ्यायची सक्ती नव्हती, आराखडा शेतकऱ्याबरोबर बसून केला. बहुतेक शेतकरी आले. त्या डोंगरांतून येणारं पाणी शहर आजही न गाळता पितं. आधी मात्र तिथेही भांडणं झाली होती, कारण शहर आपल्या धरणांसाठी गावं बुडवून गेलं होतं आणि लोक ते विसरले नव्हते.

हे शेवटचं वाक्य लिहिताना मला शहापूरच आठवत होतं. भातसा, तानसा, मोडक सागर ज्या तालुक्यात, त्याच तालुक्यात एप्रिल-मेमध्ये पाड्यांवर टँकर येतो आणि बायका हंडे घेऊन त्याच्या मागे धावतात. जलवाहिनी उशाशी आणि घागर कोरडी. त्यांना मुंबईनं 'आमचं पाणी घाण करू नका' असं सांगायचं कोणत्या तोंडानं? म्हणून मी मजुरी म्हणतो. अनुदान म्हटलं की उपकार होतो आणि फाइल होते. मजुरी ही केलेल्या कामाची असते, ती मागताना मान खाली घालावी लागत नाही. आणि मजुरीच्या आधी, त्या पाड्यांना त्याच धरणांतलं पाणी. ते दिल्याशिवाय मुंबईचा माणूस गोळ्यांची पिशवी घेऊन गावात शिरला तर त्याला हाकलून द्यावं, मी मामाच्या बाजूनं उभा राहीन.

मागच्या जुलैत मी कुठूनतरी खटपट करून एक पिशवी गोळ्या मिळवल्या आणि मामाकडे गेलो. तीन गुंठ्यांचं एक खाचर ठरवलं. दोरी धरून जोड ओळी लावल्या, मग मी, मामी आणि शेजारची दोघं वाकून गोळ्या दाबत गेलो. पाठ मोडली. मामी मधेच उभी राहून म्हणाली, "भात लावतोयस का मोती पेरतोयस रे?" दुपारी धो धो पाऊस आला, मामानं नेहमीसारखा बांध फोडला. पाणी तसंच चहाच्या रंगाचं गेलं, पण त्या खाचरातलं खत खालीच होतं. दसऱ्याला गेलो तर ते तीन गुंठे बाकीच्यापेक्षा गर्द दिसत होते, मामानं स्वतःहून बोट करून दाखवलं. उरलेलं शेत त्यानं फेकूनच केलं होतं.

अर्धी पिशवी उरली होती. ती पडवीत एका तेलाच्या डब्यात ठेवलीय. परवा फोनवर विचारलं, यंदा दाबणार का? "बायका आता साडेचारशेच्या खाली येत नाहीत," मामा म्हणाला, "आणि त्या गोळ्यांना पाणी सुटून ढेकूळ झालंय. तू येणार असशील तर बघू."